गोधडीला झोळ का पडतो? शिवायला बसण्याआधी थर असे लावा

आईच्या, आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून द्या, अशी मागणी आता शहरातूनही येते. गावातल्या बाया आणि बचत गट हे काम घेतात. पण यात एक धाक असतो. लुगडं एकच असतं. गोधडीला मधेच झोळ पडला, चुण्या आल्या, तर टाके उसवावे लागतात आणि विरलेलं कापड उसवताना फाटतं. मग गिऱ्हाईकाला ते लुगडं परत कुठून आणून देणार? म्हणून थर नीट लावणं हेच खरं निम्मं काम आहे.

झोळ येतो कुठून?

बहुतेक जणी कडेपासून आत शिवत येतात. थर आधी पक्के केलेले नसतील तर प्रत्येक टाक्याबरोबर वरचं कापड थोडं पुढे सरकतं. सरकत सरकत ते मधे साचतं. तिथून बाहेर पडायला जागाच नसते.

दुसरं कारण कापडाचं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, नायलॉन किंवा पॉलिस्टर आटत नाही. दोन्ही एकाच गोधडीत घातलं की शिवताना सगळं छान दिसतं, धुतल्यावर मात्र चुण्या पडतात. म्हणून सगळी कापडं आधी धुऊन, खळ काढून, वाळवून इस्त्री करून घ्या. शक्यतो सुतीबरोबर सुतीच घाला.

थर कसे लावायचे?

१. अस्तर उलटी बाजू वर करून जमिनीवर अंथरा. ते चारही बाजूंनी दोन-तीन इंच जास्त ठेवा. फरशी गुळगुळीत असेल तर कोपरे चिकटपट्टीने पक्के करा. कापड सपाट बसलं पाहिजे, पण ताणायचं नाही. ताणून बसवलेलं कापड सोडल्यावर आखडतं आणि तिथेच चुण्या येतात.

२. प्रत्येक थराची उभी आणि आडवी घडी घालून मधोमध खूण करा. थर लावताना आधी मध्यावर मध्य ठेवा, मग तळहाताने बाहेरच्या बाजूला साफ करत जा. काठाला काठ जुळवत बसलात की फरक सगळा मधे येतो.

३. आतल्या तुकड्यांचे जोड एकावर एक येऊ देऊ नका. तिथे गाठीसारखा जाडपणा येतो आणि सुई अडते.

४. आता कर्ण मोजा. गवंडी घराचा पाया आखताना मोजतो, तसंच. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी लावा, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावा. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. साडेचार फूट बाय सहा फुटांच्या गोधडीचा कर्ण साडेसात फूट येतो. फरक आला तर गोधडी तिरकी झाली समजा.

५. कच्चे टाके घाला. सुरुवात मधून करा आणि चारही दिशांना बाहेर जा. दोन ओळींत एक वीत अंतर पुरे. दोरा वेगळ्या रंगाचा घ्या, म्हणजे नंतर काढताना दिसतो. हे झालं की पक्का धावदोरा कडेपासून घातला तरी थर हलत नाहीत.

घरच्या मशीनवर शिवत असाल तर

मशीनचे खालचे दाते फक्त खालचं कापड ओढतात, वरचा थर पायाखाली मागे राहतो. म्हणून पायाचा दाब थोडा सैल करा, टाका लांब ठेवा आणि १६ किंवा १८ नंबरची सुई लावा. वरचा थरही सोबत ओढणारा ‘वॉकिंग फूट’ मिळतो. तो आपल्या मशीनला बसतो का, हे बघूनच घ्या. बाजूची गोधडी गुंडाळून टेबलावर ठेवा. ती खाली लोंबली की वजनाने ओढ बसते.

लाँगआर्म मशीनवरही तोच नियम

रजया शिवायच्या मोठ्या लाँगआर्म मशीनमध्ये कापड लांब रुळांवर ताणलेलं असतं आणि मशीनचं डोकं त्याच्यावरून फिरतं. तिथेही अस्तर सगळीकडून सुमारे चार इंच जास्त घेतात. अस्तराचा मध्य रुळावरच्या पट्टीच्या मध्याशी जुळवून, तिथून दोन्ही कडांकडे टाचण्या लावत जातात. रूळ सारखा फिरवायचा, एक टोक घट्ट आणि दुसरं सैल नको. ढोलकीसारखं ताणलं तर काढल्यावर आखडणारच. कापड सपाट राहील इतपत ताण पुरे.

शेवटची तपासणी

कच्चे टाके झाले की गोधडी उलटवा आणि अस्तरावरून तळहात फिरवा. कुठे फुगवटा लागला तर तेवढेच कच्चे टाके काढून परत घाला. आत्ता दहा मिनिटं जातील. पक्के टाके पडल्यावर तेच उसवायला अख्खा दिवस जातो, आणि लुगडं फाटायची भीती वेगळीच.