माशांच्या जेवणाची दहा मिनिटं



वऱ्हांड्यातल्या माशांच्या काचपेटीशेजारी भिंतीवर एक लाल बटण आहे. ते दाबलं की पाण्यातला पंप थांबतो आणि दहा मिनिटांनी कुणी हात न लावता पुन्हा सुरू होतो. पहिलीतली मुलं विचारतात, "डबीत कोण बसलंय?" डबीत कुणी नाही. मग हे कसं होतं, ते मी इथे सांगतो.

पंपाचं काम काय?

आमच्या पेटीत गप्पी मासे आहेत. पंप पेटीतलं पाणी ओढतो, स्पंजातून गाळतो आणि वरून परत सोडतो. त्यामुळे वरचं पाणी सारखं हलत राहतं आणि हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरात सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साधारण साडेसातच. म्हणून उन्हाळ्यात पंपाची गरज जास्त.

दुसरं काम डोळ्यांना दिसत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. तो त्यांनाच विषारी असतो. स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेटचा त्रास त्यामानाने बराच कमी. पण या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो आणि तो वाहत्या पाण्यातून मिळतो.

मग थांबवायचा कशाला?

पंप चालू असताना खाणं टाकलं, तर ते धारेबरोबर गरगर फिरतं. दांडगे मासे धावून खातात, लहान पिल्लं उपाशी राहतात. उरलेलं स्पंजात ओढलं जातं आणि तिथे कुजतं. कुजलं की पुन्हा अमोनिया! म्हणजे पाणी साफ करणाराच पाणी नासवतो. पंप थांबला की खाणं शांतपणे वर तरंगतं आणि सगळ्यांना मिळतं. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घालायचं.

खरी अडचण कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? बटण बंद करायचं, मग चालू करायचं. पण बंद करताना खाण्याचा डबा हातात असतो, म्हणून आठवण राहते. चालू करायच्या वेळी डबा कपाटात गेलेला असतो. समजा, शनिवारी सकाळच्या शाळेत खाणं घातलं आणि घंटा झाली. पंप तसाच राहिला, तर सोमवारपर्यंत कुणी येणार नाही. दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. पण दीड-दोन दिवसांत स्पंजातले जिवाणू मरू लागतात आणि माशांचा जीव धोक्यात येतो. म्हणून थांबवणं माणसाकडे राहिलं तरी चालेल, सुरू करणं मात्र यंत्राकडेच हवं.

चकतीचं घड्याळ का नको?

बाजारात प्लगला लावायचं चकतीचं घड्याळ मिळतं. त्यावर १५-१५ मिनिटांच्या ९६ खुंट्या असतात. ठरल्या वेळी ते पंप बंद-चालू करतं. पण ते विजेवरच फिरतं. दोन तास वीज गेली की चकतीही दोन तास मागे पडते. मग साडेदहाला थांबायचा पंप साडेबाराला थांबतो. जिथे वीज वरचेवर जाते, तिथे हे चालायचं नाही. आपलं बटण बरं. दाबलं त्या क्षणापासून ते वेळ मोजतं.

डबीत काय आहे?

डबीत ५५५ नावाची एक चिमुकली आय.सी. आहे. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली तिची रचना केली आणि १९७२ पासून ती बाजारात आली. तिच्याबरोबर एक कंडेन्सर आणि एक रेझिस्टर आहे. कंडेन्सर म्हणजे विजेचा रांजण आणि रेझिस्टर म्हणजे बारीक तोटी. बटण दाबलं की रांजण भरू लागतो. दोन-तृतीयांश भरला की ५५५ म्हणते, "वेळ संपली!"

याचं गणित सोपं आहे. रेझिस्टर ५,६०,००० ओहम आणि कंडेन्सर ०.००१ फॅरड. १.१ × ५,६०,००० × ०.००१ = ६१६ सेकंद. म्हणजे १० मिनिटं १६ सेकंद. घड्याळ लावून बघा, थोडं मागेपुढे होईल, कारण भाग अगदी छापल्या आकड्याचे नसतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. पंपाची वीज रिले नावाच्या स्विचमधून जाते. एस.टी. स्टँडवरचा दाबायचा नळ आठवा. दाबला तर पाणी, हात काढला की बंद. आपला रिले त्याच्या उलट जोडला आहे. ५५५ ने ओढून धरला तरच पंप बंद, सोडला की स्प्रिंगमुळे पंप चालू. त्यामुळे डबीचा ॲडॉप्टर जळला किंवा आतली तार सुटली, तरी रिले सुटतो आणि पंप चालूच राहतो. उलट जोडला असता, तर डबी बिघडताच पंप बंद पडला असता आणि कुणाला कळलंही नसतं.

पालकांना हे नवीन वाटणार नाही. वीज आली की विहिरीवरची मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून ऑटो स्विच लावतातच की!

घरी करायचं असेल तर

१. पंपाची वीज २३० व्होल्टची असते. हे काम वायरमनकडूनच करून घ्यावं. मुलांनी डबी उघडू नये.

२. वायर बोर्डाच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात न जाता खाली टपकतं.

३. हवेचा पंप असेल तर तो पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा. नाहीतर बंद असताना नळीतून पाणी उलटं पंपात येतं.

आणि मित्रांनो, आपोआप चालणारं काहीही करताना आधी एक प्रश्न विचारा. हे बिघडलं, तर कोणत्या बाजूला बिघडेल? मासे ओरडून सांगत नाहीत. त्यांच्या वतीने हा विचार आपणच आधी करून ठेवायचा.

— इयत्ता ७ वी