मालविक्रीचा कायदा आणि देशांच्या सीमा

नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोच्या क्रेटचा सौदा ठरतो, तेव्हां घेणारा व देणारा समोरासमोर असतात. माल डोळ्यांनीं पाहिलेला असतो, आणि वाद उपस्थित झालाच तर १९३० चा मालविक्रीचा कायदा दोघांनाहि सारखाच बांधतो. परंतु याच जुन्नर तालुक्यांतलीं द्राक्षें शीतपेटींतून न्हावाशेव्याच्या बंदरामार्गें रॉटरडॅमला निघालीं, म्हणजे प्रश्नाचें स्वरूप बदलतें. माल कित्येक दिवस समुद्रावर असतो. विकणाऱ्याच्या देशाचा कायदा एक, घेणाऱ्याच्या देशाचा दुसरा. मालांत दोष निघाला तर नुकसान कोणीं सोसावें, हें कोणत्या कायद्यानें ठरावयाचें?

हा प्रश्न काल्पनिक नाहीं. वेलीची वाढ आवरण्यासाठीं क्लोरमेक्वाट नांवाचें द्रव्य वापरण्यांत येतें. २०१० च्या हंगामांत भारतीय द्राक्षांत त्याचा अंश युरोपीय मर्यादेहून अधिक आढळला आणि माल तेथें अडकला. फळ दिसावयास उत्तम, चवीस गोड; तरीहि तें विकतां येईना. अशा मालास सदोष म्हणावें कीं नाहीं?

असल्या प्रश्नांस सर्व देशांत एकच उत्तर मिळावें, हा प्रयत्न जुना आहे. १९२६ सालीं रोम येथें स्थापन झालेल्या युनिद्रुआ या संस्थेनें, अर्न्स्ट राबेल या कायदेपंडिताच्या प्रेरणेनें, हें कार्य हातीं घेतलें. १९६४ सालीं हेग येथें दोन करार झाले, पण थोड्याच राष्ट्रांनीं ते मान्य केले. पुढें संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यमानें ११ एप्रिल १९८० रोजीं व्हिएन्ना येथें नवा करार संमत झाला व १ जानेवारी १९८८ पासून तो अमलांत आला. आज नव्वदाहून अधिक राष्ट्रें त्यांत सामील आहेत.

त्याचे नियम व्यवहाराला धरून आहेत. माल ठरल्या प्रतीचा असावा. घेणाऱ्यानें तो शक्य तितक्या लवकर तपासावा व दोष वाजवी मुदतींत कळवावा. न कळविल्यास तक्रारीचा हक्क साधारणतः जातो. निराळें ठरलें नसेल, तर माल पहिल्या वाहकाच्या हवालीं केल्यावर वाटेंतील धोका बहुधा घेणाऱ्याचा.

द्राक्षांच्या प्रश्नाशीं जुळणारा एक निवाडा जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला. न्यूझीलंडच्या शिंपल्यांत कॅडमियम हा धातु जर्मनींतील शिफारशीहून अधिक सांपडला होता. न्यायालय म्हणालें कीं, घेणाऱ्याच्या देशांतले असले सरकारी दंडक विकणाऱ्यास ठाऊक असतील असें गृहीत धरतां येत नाहीं. ते त्यास कळविलेले असावेत, त्याच्याहि देशांत तेच असावेत, किंवा कांहीं विशेष कारण असावें.

भारत या करारांत नाहीं, ब्रिटनहि नाहीं. नेदरलँड्स मात्र १९९२ पासून आहे. यांतून एक मौजेची पण महत्त्वाची गोष्ट उद्भवते. करारनाम्यांत कायद्याविषयीं कांहींच ठरलें नसेल, तर युरोपीय न्यायालय बहुधा विकणाऱ्याच्या देशाचा, म्हणजे भारताचा, कायदा लावील. उलट ‘नेदरलँड्सचा कायदा लागू’ एवढीच ओळ असेल, तर त्या देशाच्या कायद्याचा भाग म्हणून व्हिएन्नाचा करारच लागूं होईल. तो नको असल्यास तसें स्पष्ट लिहावें लागतें.

बागायतदार बहुधा निर्यातदारास माल विकतो, आणि हा व्यवहार भारतीय कायद्याखालींच राहतो. म्हणून परदेशीं नाकारलेल्या पेटीचा भार अखेर कोणावर पडावयाचा, हें या पहिल्या सौद्यांतच ठरणें इष्ट. द्रव्याच्या अंशाची कोणत्या देशाची मर्यादा धरावयाची, परीक्षा कोणत्या प्रयोगशाळेची, तक्रारीची मुदत किती दिवसांची, या तीन गोष्टी माल तोडण्यापूर्वीं कागदावर आल्या, तर राष्ट्रांचे कायदे एक होईपर्यंत बागायतदाराला त्यांचाच आधार आहे.