घासाचे दशक

गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपयांचे अनुदान देण्याची वेळ 2024 साली सरकारवर आली आणि त्यासाठी गाईच्या कानातील बिल्ल्यापासून बँकेच्या खात्यापर्यंत सारी कैफियत दप्तरी दाखल करावी लागली, तेव्हा आळेफाट्याच्या पंचक्रोशीत दराची चर्चा उदंड झाली. परंतु पेंड आणि मुरघासाच्या पिशव्या उधारीवर आणणाऱ्या आपल्या गोठ्यांमागे लसूणघासाचे वाफे का उरले नाहीत, हे कोणी कोणास विचारले नाही.

घास येण्याआधीच्या, बाजरीच्या सरमाडावर गुरे जगविण्याच्या जिरायती काळाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळी कांचनला संस्था उभी केली, पुढे संकरित गाई घरोघर आल्या, कुकडीच्या कालव्यांना पाणी आले, एवढे म्हटले की पुरे.

घासाचे खरे दशक नव्वदीचे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे आर. एल. 88 हे बहुवार्षिक वाण ज्यांनी लावले, त्यांना एकदा पेरून तीन-चार वर्षे कापण्या मिळत. मात्र त्याच काळी एका व्यापाऱ्याने अमरवेलमिश्रित बियाणे 'शुद्ध' म्हणून आमच्या गळ्यात मारले, त्याचा राग अद्याप ओसरलेला नाही. ती पिवळी परोपजीवी वेल घासासकट कापून, फुलण्याआधीच जाळावी लागली. मिठाच्या पाण्यात बी बुडवून, वर तरंगणारे काढून टाकून, तळचे स्वच्छ धुऊन पेरण्याचा शिरस्ता त्यानंतरच पडला.

माघातील ढगाळ हवेत मावा पडला की फवारणीचा सल्ला देणारे महाभाग तेव्हाही होते, आणि हीच वैरण उद्या दुभत्या गाईच्या पोटात जाणार, याचे भान त्यांना नव्हते. जुने जाणते विळा काढीत. पीक कापले की माव्याचा आसराच जाई. आणि रोज एकेक वाफा कापण्याच्या रीतीमुळे मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना शेजारच्या उभ्या घासात आश्रय मिळे.

वाळवणात मात्र आम्ही कच्चेच राहिलो. घासाचे सत्त्व पानात असते, आणि भर दुपारी उलथापालथ केल्यास पाने झडून हाती केवळ काड्या उरतात. म्हणून दव असताना, पाने मऊ असतानाच तो उलटावा, आणि ओलसर रचून बुरशीला आमंत्रण देऊ नये, एवढे साधे शास्त्र थोड्यांनीच पाळले. ज्या आळे गावाने ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी शतकानुशतके पूजिली, तेथे जितराबाच्या दावणीविषयी ही अनास्था असावी, याचे वैषम्य वाटते.

मुरघासाशी माझे वैर नाही. मक्याचा मुरघास पोट भरतो, परंतु प्रथिनांत तो घासाची बरोबरी करीत नाही. ज्याच्या विहिरीला चैत्रात पाणी टिकते, त्याने चार गुंठे तरी घास राखावा, दहांतील एका काडीवर जांभळे फूल दिसताच कापावा, आणि पोटफुगी टाळण्यासाठी ओला घास एकटा न घालता कडब्यात मिसळून घालावा.