नियम मोडणारी मिशी

सुरतेत हिरा पारखणाऱ्याच्या खिशात दहापट मोठं दाखवणारी आयग्लास असते. तिच्याखाली डेंग्यू पसरवणारा एडीस इजिप्ती जातीचा मेलेला डास धरून पाहा. पायांवरचे पांढरे पट्टे लगेच दिसतात. मिशा पिसासारख्या झुपकेदार असल्या तर तो नर. बारीक, विरळ केसांच्या असल्या तर मादी. रक्त लागतं ते मादीलाच, आणि ती माणूस हुडकते या मिशांनी आणि सोंडेलगतच्या दोन आखूड स्पर्शकांनी. त्यांवरचे गंधरोम दिसायला मात्र सूक्ष्मदर्शकच लागतो. रोम पोकळ, त्याला सूक्ष्म छिद्रं, आत दोन-तीन चेतापेशींची टोकं. पेशींवर ग्राही प्रथिनं बसलेली असतात. वासाचा रेणू ग्राहीला चिकटला की पेशी मेंदूला संदेश धाडते.

कोणत्या पेशीवर कोणता ग्राही, यावर गंधविज्ञानाची बरीच भिस्त आहे. १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी गंधग्राहींच्या जनुकांचं मोठं कुटुंब शोधलं. २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यातून नियम घडला : एका पेशीत एकच ग्राही, आणि त्या ग्राहीच्या साऱ्या पेशींचे तंतू मेंदूतल्या एकाच ठरावीक पुंजक्यात. या वाटेवर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आधीच चालत होती. ओबेद सिद्दीकी आणि केनियातल्या गोमंतकीय कुटुंबातून आलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७८ मध्ये वास-चव नीट न कळणाऱ्या फळमाश्यांची जनुकीय छाननी प्रसिद्ध केली. वेगळ्या वासाला मेंदूतले वेगळे पुंजके जागे होतात, हे रॉड्रिग्ज यांनी १९८८ मध्ये दाखवलं. माशीच्या गंधग्राहींची जनुकं सापडली ती १९९९ मध्ये! या कामाची आपल्याकडे पुरेशी आठवण ठेवली जात नाही.

डासाचं गणित मात्र या नियमात बसेना. एडीसच्या जनुकसंचात तीन कुटुंबांचे मिळून तीनशेहून जास्त रसायनग्राही, तर मेंदूत गंधाचे पुंजके साठ-पासष्ट. २०१३ मध्ये लेस्ली वॉशल यांच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगशाळेत 'ऑर्को' हे कळीचं जनुक निकामी केलं. एक अख्खं ग्राहीकुटुंब बंद पडलं. तरी उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सोबत असला की माद्या माणसापर्यंत पोचतच राहिल्या. याचा उलगडा २०२२ मध्ये झाला. चेतापेशींना चमकत्या रंगखुणा लावल्या, तेव्हा एकाच पेशीत वेगवेगळ्या कुटुंबांचे ग्राही एकत्र नांदताना दिसले. स्पर्शकातली एक पेशी तर श्वास-घामात आढळणारं ऑक्टेनॉलही ओळखते आणि अमाइनही. एक ग्राही गेला तरी दुसरा तीच पेशी जागी करतो.

म्हणूनच एखादा ग्राही बंद पाडून डासाला माणसाचा वास कळेनासा करता येईल, या आशेवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. डासाला पाण्यातच गाठणं जास्त भरवशाचं. सुरतेतल्या लिंबायत, उधना, पांडेसऱ्याच्या दाट वस्तीत खान्देशातून आलेली कितीतरी कुटुंबं राहतात. पाणी पिंपात भरून ठेवावं लागतं तिथे हे काम घरातच सुरू होतं. उन्हाळी हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. तेव्हा आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करा आणि आतल्या कडा काथ्याने खरवडून धुवा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. कडेला चिकटलेली एडीसची अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात.