घट्ट पिनांचा पियानो

अंधेरीचं अंबोली गावठाण, मरोळ, बोरिवलीची आयसी कॉलनी. इथली गोवेकर आणि ईस्ट इंडियन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या पाश्चात्त्य संगीत शिकत आली आहेत. १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली, १९४३ साली गोरेगावला फिल्मिस्तान. सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा होता. पियानो उपनगरांत रुळला तो असा. त्याचं मेपल किंवा बीचचं लाकूड मात्र थंड मुलखातलं, आणि इथे भर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते.

पियानोत सुमारे २३० तारा. सगळ्यांचा मिळून ताण १६ ते २० टन. तो बहुतांशी बिडाची चौकट पेलते, पण एकेक तार ताणून धरते ती पोलादी पिन. सात मिलिमीटरच्या आसपास जाड, सव्वासहा सेंटिमीटर लांब. ती कठीण लाकडाच्या जाड फळीत ठोकलेली असते. नट नाही, सरस नाही, लाकडाची पकड एवढाच आधार.

तारा बदलताना जुनी भोकं थोडी सैलावलेली असतात, म्हणून एक माप मोठी पिन घालतात. दोन मापांतला फरक जेमतेम ०.१२ मिलिमीटर. ‘पुन्हा सैल नको’ म्हणून कारागीर दोन-तीन मापं वर गेला की दुखणं उलटतं. पकड योग्य असेल तर फूटभर पान्याच्या टोकाला चारएक किलोचा जोर पुरतो. तो दुप्पट लागू लागला की पिनेचं डोकं फिरतं आणि बूड जागचं हलत नाही. पोलाद पिळवटतं, सूर चढल्यासारखा वाटतो, पाना सोडताच परत उतरतो. मग पिन एकदम टक्‌कन उडी मारते आणि सूर हवा त्याच्या पुढे निघून जातो. अशा पियानोवर ट्यूनर तासन्‌तास झटला तरी सूर टिकत नाही. कधी पिनच तुटते.

आपल्याकडे यात पावसाची भर. दमट हवेत फळी फुगते आणि भोक पिनेला आवळतं, श्रावणात न लागणाऱ्या दारासारखं. जुलैत घट्ट वाटलेलं भोक तेव्हाच रुंद केलं, तर जानेवारीत तीच पिन सैल पडते. गेलेलं लाकूड परत येत नाही. म्हणून हा निर्णय पावसाळ्यात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

उपाय संयमाचे आहेत. जुनी पिन सावकाश काढावी. विजेच्या ड्रिलने भरभर उपसली तर घर्षणाने भोकाची आतली बाजू तापून गुळगुळीत, काचेसारखी होते, आणि नवी पिन तिथे करकरते, उड्या मारते. मंद्र, मध्य आणि तार भागांतली काही भोकं निवडून नवी पिन आधी त्यांत बसवून पाहावी. ती घट्ट असली तर आधी कमी मापाची पिन घ्यावी. तरीही भागलं नाही, तर रीमर, म्हणजे भोक रुंद करायचं हत्यार, मूळ भोकाच्या तिरक्या कलातच सरळ धरून अगदी हलका हात फिरवावा. थोड्याशाच जास्त घट्ट पिनेला एक-दोनदा मागेपुढे फिरवलं तरी पुरतं. तेल मात्र कदापि घालू नये, ते लाकडात मुरलं की पकड कायमची जाते.

दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागते. काम काढायचं तर तेव्हा. नव्या तारा वर्षभर ताणल्या जात राहतात, त्यामुळे पहिल्या वर्षात तीन-चार वेळा सूर लावावा लागेल, आणि त्यातली एक वेळ पुढच्या पावसाळ्यानंतरची ठेवावी.