क्रियापदाच्या शेजारी

वसमत तालुक्यातल्या एका शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवते. ‘ती चांगली गाते’ याचं इंग्रजी विचारलं की वर्गातून हमखास उत्तर येतं, ‘शी सिंग्ज गुड.’ लाल रेघ मारून वर ‘वेल’ लिहिणं एका सेकंदाचं काम. पण रेघेनं मुलांना काही कळत नाही. पुढच्या आठवड्यात ‘ही प्लेज गुड’ तयारच असतं.

मुलं असं का म्हणतात, याचं कारण आपल्या मराठीत आहे. तो चांगला गातो, ती चांगली गाते, पोरगं चांगलं गातं. गाणारा बदलला की शब्दाचं रूप बदलतं. हाच शब्द ‘चांगली मुलगी’मध्ये नामाबद्दल सांगतो आणि ‘चांगली गाते’मध्ये क्रियेबद्दल सांगतो, रूप तेच. ‘कसे, कशी असा प्रश्न विचारा म्हणजे क्रियाविशेषण सापडेल’ ही जुनी युक्तीसुद्धा इथं कामाला येत नाही, कारण ‘मुलगी कशी?’ आणि ‘कशी गाते?’ हे दोन्ही प्रश्न कानाला सारखेच लागतात. मराठीच्या व्याकरणात म्हणूनच क्रियाविशेषण आणि क्रियाविशेषण अव्यय असा भेद करतात. काल, नेहमी, पटकन, हळू हे शब्द कशानंही बदलत नाहीत, म्हणून ती अव्ययं. ‘चांगली’ क्रियेबद्दल सांगते खरी, पण बदलते, म्हणून ती अव्यय नाही. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 साली आलं आणि मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. तेव्हापासून एवढी बारीक चर्चा मराठीत झालेली असताना इंग्रजीच्या तासाला आपण तिचा उपयोग का करत नाही, हे मला कळत नाही.

मी मुलांना एकच प्रश्न विचारायला लावते: मुलगी चांगली, की तिचं गाणं? गाणं चांगलं असेल तर ‘वेल’. मुलगी चांगली असेल तर ‘गुड’. हाच प्रश्न ‘द टर्मरिक स्मेल्स गुड’ या वाक्यालाही विचारता येतो. इथं हळद वास घेण्याचं काम करत नाही. चांगली आहे ती हळदच. म्हणून इथं ‘गुड’ बरोबर. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गावोगावी हळद शिजते, त्यामुळे हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

शब्दाच्या शेवटी ‘ली’ लावला की क्रियाविशेषण झालं, असं पाठ करून घेण्याची पद्धत आहे. स्लो-स्लोली, क्विक-क्विकली इथपर्यंत ती चालते. पुढे ‘फ्रेंडली’ येतो, आणि तो विशेषण असतो. ‘फास्ट’ला ‘ली’ लागतच नाही. सगळ्यात घातक जोडी ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ची. ‘माय फादर वर्क्स हार्ड’ म्हणजे वडील खूप कष्ट करतात. ‘माय फादर हार्डली वर्क्स’ म्हणजे वडील जवळजवळ कामच करत नाहीत. दिवसभर उन्हात हळद काढणाऱ्या माणसाबद्दल त्याच्याच लेकीनं वहीत असं लिहावं, हे मला सहन होत नाही. म्हणून ही जोडी मी वर्षाच्या सुरुवातीलाच घेते. ‘लेट-लेटली’ आणि ‘नियर-नियरली’ तिच्या मागोमाग.

मुलांना खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: वाक्यात हे शब्द ठेवायचे कुठं? इथं मराठी फार मोठी मदत करते. फळ्यावर मी एक वाक्य लिहिते: बाबांनी काल वावरात घाईघाईनं हळद शिजवली. (अवकाळी पावसाचं वातावरण झालं की ही घाई घरोघर असते.) आता कर्ता तसाच पुढे ठेवायचा आणि बाकीचं वाक्य शेवटाकडून उलटं वाचायचं: शिजवली, हळद, घाईघाईनं, वावरात, काल. इंग्रजी वाक्य तयार झालं: ‘फादर बॉइल्ड द टर्मरिक हरिडली इन द फील्ड यस्टरडे.’ आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं कर्त्यामागोमाग. पण कशी केली हे सांगणारा शब्द दोन्हीकडे क्रियेच्या सगळ्यात जवळ, स्थळ त्याच्या पलीकडे आणि काळ त्याहून लांब. इंग्रजीची एक अट मात्र कडक आहे. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये ती सहसा कुणाला येऊ देत नाही. आपण ‘ती इंग्रजी छान बोलते’ आणि ‘ती छान इंग्रजी बोलते’ दोन्ही म्हणतो. इंग्रजीत ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश’ चालत नाही, ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल’ म्हणावं लागतं.

‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ ही मंडळी मुख्य क्रियापदाच्या आधी उभी राहतात: ‘शी ऑलवेज कम्स अर्ली.’ पण क्रियापद ‘इज’ असेल तर त्याच्या नंतर: ‘शी इज ऑलवेज अर्ली.’ आपण ‘तो कधीच येत नाही’ म्हणतो, त्यामुळे पोरं ‘ही डझन्ट नेव्हर कम’ लिहितात. ‘नेव्हर’च्या पोटात ‘नाही’ आधीच आहे, एवढं सांगितलं की पुरतं.

‘ओन्ली’ शिकवताना मी आपल्या ‘च’चा आधार घेते. ‘मीच हळद विकली’, ‘मी हळदच विकली’. ‘च’ ज्याला चिकटतो त्याच्यावर जोर. इंग्रजीत ‘ओन्ली’ त्याच शब्दाच्या आधी ठेवायचा: ‘ओन्ली आय सोल्ड टर्मरिक’, ‘आय सोल्ड ओन्ली टर्मरिक.’ पण ‘मी हळद विकलीच’ इथं मात्र थांबावं लागतं. तिथं ‘फक्त’ असा अर्थच नाही. खात्री आहे, ठासून सांगणं आहे. तिथं ‘ओन्ली’ उपयोगाचा नाही.

एवढ्याशा शब्दानं काय होतं, असं कुणी म्हणालं की मी औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याकडे बोट दाखवते. तिथं लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोनं 14 सप्टेंबर 2015 ला या लहरी टिपल्या. त्या बातमीचं इंग्रजी वाक्य मी फळ्यावर लिहिते: ‘लायगो डायरेक्टली डिटेक्टेड ग्रॅव्हिटेशनल वेव्ह्ज फॉर द फर्स्ट टाइम.’ त्यात ‘डायरेक्टली’ हा शब्द सारा भार उचलतो. कारण 1974 साली हल्स आणि टेलर यांनी एकमेकांभोवती फिरणारी ताऱ्यांची एक जोडी शोधली होती, आणि त्यांची कक्षा लहरींमुळे जेवढी आक्रसायला हवी तेवढीच आक्रसते आहे, हे पुढच्या वर्षांत दिसलं. लहरी असल्याचा तो पुरावाच होता, पण अप्रत्यक्ष. ती जोडी शोधल्याबद्दल दोघांना 1993 चं नोबेल मिळालं. लायगोचं नोबेल 2017 चं, वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांना.

फळ्यावरच्या वाक्यातून ‘डायरेक्टली’ पुसला की वाक्य व्याकरणानं शुद्धच राहतं. फक्त आधीच्या चाळीस वर्षांचं काम त्यातून दिसेनासं होतं. मग मुलं तेच मराठीत सांगतात, ‘लहरी पहिल्यांदा थेट टिपल्या’, आणि ‘थेट’ कुणी न सांगता ‘टिपल्या’ला लागून ठेवतात.