खाडीपल्याडची प्रथमा

हरिहरेश्वराचं दर्शन घ्यावं, बागमांडल्याला येऊन जंगलजेटीत गाडी चढवावी आणि पलीकडे वेश्वीला उतरावं. सावित्री नदी इथेच बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. अलीकडचा काठ रायगडचा, पलीकडचा रत्नागिरीचा. जेटीला खाडी ओलांडायला काही मिनिटंच लागतात. पुढे बाणकोटचा किल्ला मागे टाकला की नाना फडणवीसांचं वेळास येतं.

या वेळासच्या पुळणीवरून २५ जानेवारी २०२२ रोजी ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची एक मादी अंडी घालून समुद्रात परतली. तिच्या पाठीवर तळहाताएवढं एक यंत्र चिकटवलेलं होतं. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर उपग्रहाच्या मदतीने माग काढली जाणारी ही पहिली ऑलिव्ह रिडले, म्हणून तिचं नाव प्रथमा. त्याच सुमारास आंजर्ल्याहून सावनी निघाली आणि फेब्रुवारीत गुहागरहून वनश्री, रेवा व लक्ष्मी. वनविभागाचा कांदळवन कक्ष, कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी मिळून हे काम हाती घेतलं होतं.

त्याआधीची वीस वर्षं सगळं लक्ष वाळूवर होतं, आणि ते तसंच असायला हवं होतं. अंडी चोरीला जात, कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी पडत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळासला घरटी राखायला सुरुवात केली. पुढे गावोगावी कासवमित्र तयार झाले. रायगडातही हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगर या किनाऱ्यांवर कासवं येतात. कासवमित्र पहाटे पुळण तुडवतात, मादीच्या पायांची नक्षी वाळूत शोधतात, घरट्यातली शंभर-सव्वाशे अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात पुरतात आणि पन्नास-पंचावन्न दिवस वाट पाहतात. या माणसांच्या कष्टांना तोड नाही. पण त्यांना कासव भेटतं ते जेमतेम तासभर, अंडी घालण्यापुरतं. लाटेत शिरलेली मादी पुढे कुठे जाते, हे रात्र रात्र जागणाऱ्या कासवमित्रालाही सांगता येत नव्हतं.

ते सांगण्याची युक्ती मात्र साधी आहे. कवच घासून-पुसून कोरडं करायचं आणि त्यावर इपॉक्सीने यंत्र पक्कं बसवायचं. खारं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून यंत्राला एक संवेदक जोडलेला असतो. कासव बुडालेलं असेपर्यंत यंत्र गप्प राहतं, श्वास घ्यायला ते वर आलं आणि अँटेना हवेत आली की संदेश सुटतो. त्यामुळे बॅटरी वाचते. संदेश पकडतात ते साडेआठशे किलोमीटरच्या आसपास उंचीवरून ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरणारे उपग्रह. फ्रान्स आणि अमेरिकेने १९७८ मध्ये उभारलेली ही व्यवस्था आर्गोस नावाने ओळखली जाते.

आपण कुठे आहोत हे कासवाच्या पाठीवरचं यंत्र सांगत नाही. ते फक्त एका ठरलेल्या वारंवारतेवर साद घालतं. माणगावच्या फलाटावर उभं राहिलं की जवळ येणाऱ्या इंजिनाची शिटी चढी वाटते आणि गाडी पुढे गेली की तीच उतरते. उपग्रहालाही कासवाची साद तशीच आधी चढी आणि मग उतरती ऐकू येते. त्या चढउतारावरून जागेचं गणित मांडलं जातं. एका फेरीत चार-पाच संदेश नीट मिळाले तर जागा अडीचशे मीटरच्या आत कळते. कासव क्षणभरच डोकं वर काढून बुडालं तर चूक काही किलोमीटरची होऊ शकते. नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्यावर म्हणून सारखाच विश्वास ठेवता येत नाही.

जगाला या तंत्राची गोडी लावली ती ॲडेलिटाने. १९९६ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून सोडलेली ही लॉगरहेड मादी प्रशांत महासागर पार करून वर्षभराने जपानजवळ पोहोचली आणि तिचा प्रवास शाळेतल्या मुलांनीही पाहिला. भारतात २००१ मध्ये ओडिशातल्या देवी नदीच्या मुखाजवळ चार ऑलिव्ह रिडलेंवर यंत्रं बसवली होती. त्यांतली एक श्रीलंकेकडे गेली. काही महिन्यांतच चौघींचेही संदेश थांबले.

कोकणातल्या पाचजणींच्या वाटाही सारख्या निघाल्या नाहीत. प्रथमा उत्तरेला गुजरातच्या समुद्राकडे वळली, रेवा दक्षिणेला कर्नाटकाकडे. लक्ष्मीचा आवाज काही आठवड्यांतच बंद झाला. संदेश थांबला म्हणजे कासव मेलंच असं नाही. अँटेना मोडते, बॅटरी संपते, कवचावर शंख-शिंपले चढतात, कधी यंत्रच गळून पडतं. पण ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरण्याची शक्यताही असतेच, आणि नकाशावरचा शेवटचा ठिपका यातलं काहीच सांगत नाही. वाट पाहणाऱ्यांसाठी हेच सगळ्यांत जड जातं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरहून आणखी दोघी निघाल्या, गुहा आणि बागेश्री. गुहा लक्षद्वीपच्या बाजूला फिरली. बागेश्री मात्र दक्षिणेकडे जातच राहिली. कर्नाटक, केरळ मागे पडलं, कन्याकुमारी ओलांडली, श्रीलंकेला वळसा पडला आणि ती बंगालच्या उपसागरात शिरली. कोकणची म्हणून राखलेली मादी पूर्व समुद्रात जाऊन पोहोचली होती.

एकटीच वाट चुकली असेल, असं तेव्हा कुणी म्हणू शकलं असतं. मग २७ जानेवारी २०२५ ला गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची चकती दिसली. क्रमांक ०३२३३. ती चकती १८ मार्च २०२१ रोजी ओडिशात, गहिरमाथ्याला लावलेली होती. समुद्रमार्गाने हे अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात जातं. तिच्या १२० अंड्यांतून १०७ पिल्लं बाहेर पडली. बॅटरी नसलेली ही चकती प्रवासाची फक्त दोन टोकं सांगते. मधली वाट कशी असू शकेल हे बागेश्रीने उलट दिशेने जाऊन आधीच दाखवलं होतं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी मानण्याची सवय डळमळते. ओडिशाचा किनारा जपला तर त्याचा लाभ गुहागरलाही होतो, आणि कोकणचा जपला तर पूर्व समुद्रालाही.

रायगडच्या मच्छीमाराचा इथे थेट संबंध येतो. कासवाचं बहुतेक आयुष्य ज्या पाण्यात जातं, तिथे वनरक्षक नसतो, नाखवा असतो. जाळ्यात अडकलेलं कासव सोडवायला महागडं जाळं कापावं लागतं. ते कापणाऱ्याला महाराष्ट्र सरकार २०१८ च्या अखेरीपासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. भर समुद्रात हातात कोयता घेऊन हा निर्णय करणाऱ्या माणसाला कासव महोत्सवाच्या मांडवात पहिल्या रांगेत बसवायला हवं.

या सगळ्या वाटा माद्यांच्या आहेत. नर एकदा पिल्लू म्हणून पाण्यात गेला की अंडी घालायला येण्याचं कारणच त्याला नसतं. त्याच्या पाठीवर यंत्र बसवायचं तर होडी घेऊन त्याच्या समुद्रात जावं लागेल. हरिहरेश्वरच्या उबवणी केंद्रातून उन्हाळ्याच्या तोंडावर पिल्लं सोडली जातात, तेव्हा त्यांतले नर किती आणि माद्या किती, हे बघून कळत नाही. ते ठरवलेलं असतं वाळूच्या उष्णतेने. टोपली आडवी होते, पिल्लं उजेडाच्या दिशेने धावतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या लाटेत दिसेनाशी होतात.